माळ, तागडी आणि भिशीची वही



आबांच्या दुकानात धान्य पायलीनं मोजायचे तेव्हाचं मला आठवतं. पहिलं माप टाकताना आबा 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन, चार. ही चाल काही आबांची एकट्याची नव्हती, आपल्याकडच्या धान्यपेठांतून ती सगळीकडे होती. आबांचं वेगळेपण दुसरीकडे होतं. पेठेत त्या काळी काही दुकानांतून दोन मापं असत, घ्यायचं वेगळं आणि द्यायचं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसत. आबांच्या दुकानात माप एकच होतं. शेतकऱ्याकडून ज्वारी घेतानाही तेच आणि गिऱ्हाइकाला देतानाही तेच. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का आणि हातात ते काठ झिजलेलं माप. आज त्यांच्या स्मरणार्थ बोलायला उभा राहिलो तर डोळ्यांपुढे येतं ते हेच चित्र.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'भौतिक जगात भक्तिमय जीवन'. विषय चांगला आहे, फक्त वक्ता निवडताना मंडळाची चूक झाली असावी. असल्या विषयावर बोलायला एखादे महाराज बोलवायचे, तर तुम्ही बोलावला बँकेत पस्तीस वर्षं कर्जं वाटून निवृत्त झालेला माणूस. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच, की गेली काही वर्षं मी माउलींच्या पालखीबरोबर एका दिंडीत चालतो आणि त्या दिंडीच्या भिशीची वही माझ्याकडे असते. म्हणजे तिथंही पुन्हा हिशेबच.

आधी त्या शब्दाकडे बघू. 'भौतिक जग' हा आपल्या आजीच्या तोंडचा शब्द नव्हे. तो वर्तमानपत्रातून आला. आजी म्हणायची 'प्रपंच'. शब्द बदलला की प्रश्नही बदलतो. भौतिक जग म्हटलं की ते बाहेर कुठंतरी पसरलेलं दिसतं: मॉल, मोबाइल, परदेशी गाड्या, जाहिराती. त्याला नावं ठेवायला सोपं जातं, कारण ते दुसऱ्याचं असतं. प्रपंच म्हटलं की तो माझा असतो. चूल, पोरांच्या फिया, भावकीतला बांध, बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन, घराचा हप्ता. प्रपंचाला शिव्या देऊन सुटता येत नाही, कारण संध्याकाळी त्याच घरात जेवायला जायचं असतं. आपल्या परंपरेत प्रपंच आणि परमार्थ हे शब्द जोडीनं येतात. रामदासांनी तर आधी प्रपंच, मग परमार्थ असा क्रमच लावून दिला. स्वतः बोहल्यावरून पळालेल्या माणसानं हा सल्ला द्यावा याची मला नेहमी गंमत वाटते, पण सल्ला खोटा नाही. चार पुरुषार्थांतही अर्थ दुसऱ्या जागी बसलाय, धर्माच्या लगेच खाली. पैशाला या परंपरेनं घराबाहेर कधी काढलं नाही. कुणाच्या नजरेखाली बसायचं ते तेवढं ठरवून दिलं.

तेव्हा पैसा मिळवावा की मिळवू नये, हा वाद मी इथं घालणार नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात बसून तो घातला, १९१५ साली 'गीतारहस्य' छापून निघालं, आणि कर्म सोडायचं नाही हे आपल्याकडे शिकल्यासवरल्या लोकांनी मान्य केलं. वारकऱ्यांना ते त्याच्याआधी सहाशे वर्षं माहीत होतं. सावता माळ्यानं अरणचा मळा सोडला नाही. पंढरपूर काही लांब नाही, पण परंपरा सांगते की तो तिकडे गेलाच नाही. म्हणून आजही पंढरीहून विठोबाची पालखी अरणला त्याच्या भेटीला येते. मला बोलायचंय ते पैशाच्या व्यवहारात भक्ती नेमकी कुठं दिसते, याबद्दल. आणि त्यासाठी तुकोबांच्या दुकानाकडे गेल्याशिवाय गत्यंतर नाही.

तुकोबा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात चिपळ्या, वीणा आणि वैकुंठाचं विमान. दुकान येत नाही. पण ते होतं. देहूच्या पेठेची महाजनकी त्यांच्या घराण्यात होती. जातीनं कुणबी, धंद्यानं वाणी. घरात सावकारी होती, शेती होती, जनावरं होती, आणि विश्वंभरबाबांपासून चालत आलेलं विठोबाचं देऊळ होतं. थोरल्या सावजींचं मन प्रपंचात नव्हतं, म्हणून कारभार तुकोबांच्या गळ्यात लहान वयातच पडला. आई-वडील गेले. मग १६३०च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. तुकोबा तेव्हा विशी नुकती ओलांडलेले. थोरली बायको रखमा अन्नावाचून गेली. मुलगा गेला. धंद्याचं दिवाळं निघालं. हे सगळं त्यांनी स्वतःच आपल्या आत्मपर अभंगांत सांगितलंय आणि त्यात लाज हा शब्दही लपवलेला नाही. दुष्काळात माणसं मरतात तेव्हा सावकाराच्या पेटीत मात्र कागद शिल्लक राहतात. तुकोबांच्या घरातही ते होते. लोकांनी लिहून दिलेली कर्जखतं.

पुढची गोष्ट पोराटोरांना ठाऊक आहे, तुकोबांनी खतं इंद्रायणीत बुडवली. पण ती सांगताना आपण तिचा अर्धा भाग गाळतो. तुकोबांनी सगळी खतं बुडवली नाहीत. धाकटा भाऊ कान्होबा एकत्र होता. तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले. कान्होबाचा वाटा कान्होबाच्या हाती दिला आणि फक्त आपला वाटा नदीत सोडला. कीर्तनात ही जागा आली की बुवा विमानाच्या ओढीनं पुढे पळतात. मला मात्र तिथं थांबावंसं वाटतं. मनात वैराग्याचा लोंढा आलेला, हातात कागद, समोर नदी, आणि हा माणूस वाटणी करत बसलाय! भावाचं एकही खत चुकून पाण्यात जाऊ नये म्हणून बघतोय. दुसऱ्याच्या पैशानं विरक्त व्हायचं नाही, हा त्यातला नियम. तो कुठल्या पोथीत लिहिलेला मी वाचलेला नाही. तो वाण्याच्या घरातला नियम आहे. भक्तीनं तो मोडला नाही.

आबांना मी एकदा, तरुणपणाच्या आगाऊपणानं, विचारलं होतं, "तुकोबांनी खतं बुडवली, तुम्ही उधारीच्या वह्या का नाही बुडवत?" आबा तागडी पुसत होते. वर न बघता म्हणाले, "अरे, आमची वाटणी कुठं झालीय अजून!" दुकानातली माणसं हसली. मीही हसलो. पुढे बँकेत गेल्यावर, भागीदाराच्या नकळत जामीन राहिलेली, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी बायकोचे दागिने तारण ठेवलेली माणसं समोर बसायला लागली, तेव्हा आबा काय म्हणाले ते मला कळलं.

इथं जिजाईबद्दल बोललंच पाहिजे. पुण्याच्या गुळव्यांची लेक, तुकोबांची धाकटी बायको. परंपरेनं तिला कजाग ठरवून टाकलंय. नाटकांनी, सिनेमांनी तिच्या तोंडी विठोबाला शिव्या घातल्या, आणि प्रेक्षक चारशे वर्षांनी अजून तिला हसतायत. पण भंडारा डोंगरावर भाकरी घेऊन उन्हातून चढत कोण जायचं? पायात काटा मोडला तो तिच्याच. विठोबानं तो काढला अशी कथा आहे, आणि मला ती फार आवडते, कारण त्या कथेत देवाला तरी तिची कदर आहे. नवऱ्यानं आपला वाटा नदीत सोडला तेव्हा त्या वाट्यात तिच्या पोरांची भाकरी होती की नव्हती? याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. तुकोबा मला जितके प्रिय आहेत तितकाच हा प्रश्न मला टोचतो. गोरोबाकाकांची ती चिखल तुडवण्याची कथा तर मला कधीच पचली नाही. नामात दंग होऊन पायाखाली आपलंच लेकरू येणं हे भक्तीचं शिखर म्हणून सांगितलं जातं. शेवटी देव मूल परत देतो हे खरं. पण ही कथा कीर्तनात लागली की माझी आई उठून चुलीकडे जायची. ती माळकरी होती, एकादशा करायची. तिचा निकाल मला मान्य आहे. घरात एक माणूस देवाचं नाव घेत बसलेला असतो तेव्हा दुसरं कुणीतरी भाकऱ्या थापत असतं, हे विसरणारी भक्ती अर्धी आहे. हे बोलण्याचा मला काही अधिकार असेल तर तो या बायकांच्या कष्टावर वाढलेला मुलगा म्हणून.

पैठणच्या एकनाथांनी याचं उत्तर जास्त नीट दिलं, असं माझं मत आहे. पटवून घ्या असा आग्रह नाही. नाथ पक्के गृहस्थ. त्यांच्या घरी गिरिजाबाईंच्या हाताला उसंत नसायची हेही खरं, पण पंगतीला कोण येणार हे ठरवणाऱ्या घरातल्या दोघांपैकी त्या एक होत्या. नाथांचं शिक्षण देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे झालं आणि तिथं त्यांच्याकडे काम होतं हिशेबाचं. एका रात्री हिशेब जुळेना. एका पैची चूक. नाथ दिव्यापुढे बसून राहिले. पहाटेच्या सुमाराला चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. स्वामींनी ते पाहिलं आणि म्हणाले, एका पैसाठी एवढा आनंद, तर हेच चित्त भगवंताकडे लागलं तर काय होईल! ही गोष्ट सांगताना बहुतेक जण पैला कमी लेखतात आणि भगवंताकडे वळतात. मी बँकवाला, मी पैकडेच बघतो. ज्याला एका पैची चूक झोपू देत नाही त्याच्याच चित्ताला ती एकाग्रता येऊ शकते, असं स्वामींना दिसलं असणार. पुढे याच माणसानं १५८४ साली ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली. ते काम आणि पैचं काम यांत मला फारसा फरक दिसत नाही.

आता माळेकडे येतो. तुळशीची माळ बाजारात थोडक्या पैशांत मिळते. गळ्यात पडली की महाग पडते. माळ घालणं म्हणजे काही गोष्टी कबूल करणं: मांस-मद्य नाही, एकादशी, रोजचा हरिपाठ, वर्षाची वारी, परक्याच्या धनाला आणि परक्याच्या स्त्रीला हात नाही. नीट बघितलंत तर यात 'काय मिळेल' याचं एक कलमही नाही. सगळी कलमं 'काय सोडायचं' याची. आज आपल्याकडे साधनेच्या ज्या जाहिराती येतात त्यांत शांत झोप, कमी रक्तदाब, धंद्यात बरकत असं सगळं मिळणार असतं. माळ असलं काही देत नाही. म्हणून ज्यांना पेलत नाही ते ती तात्पुरती खुंटीला अडकवतात. शनिवारी रात्री खुंटीवर आणि रविवारी सकाळी गळ्यात, असे माळकरी मी पाहिलेत. त्यांना मी हसत नाही. खुंटीला अडकवावी लागते म्हणजे त्यांना तिचा धाक अजून आहे.

बँकेतली एक गोष्ट सांगतो. २००८ साली केंद्र सरकारनं शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली. नियम असा होता, की २००७च्या अखेरीला जे थकीत होतं आणि पुढच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत फिटलं नव्हतं, ते माफीत धरायचं. आमच्या शाखेत एक माळकरी खातेदार होता. दोन एकरांचा धनी. त्यानं सोयाबीन विकून कार्तिकीच्या आधीच, नोव्हेंबरात, सगळं कर्ज भरलेलं. त्याला एक रुपयाही मिळाला नाही. शेजारच्या बांधावरच्यानं पाच वर्षं हप्ता भरला नव्हता, त्याचं सगळं माफ. गावात त्याला लोक हसले. मला फार वाईट वाटलं आणि काहीतरी समजुतीचं बोलावं म्हणून मी त्याला म्हटलं, "भाऊ, तीन-चार महिने थांबला असतात तर..." तो म्हणाला, "साहेब, वारीला निघताना मागं कुणाचं देणं ठेवायचं नाही, अशी आमच्या फडाची रीत आहे." एवढं बोलून त्यानं पासबुक पिशवीत घातलं. जाताना मात्र दारात थांबून म्हणाला, "पोरगं मात्र घरात बोलत नाही माझ्याशी." हे दुसरं वाक्य मी मुद्दाम सांगितलं. त्याशिवाय ही गोष्ट बोधकथा होते, आणि ती तशी नव्हती. त्याला त्याच्या व्रताची किंमत रोख मोजावी लागली, आणि ती घरातही मोजावी लागली. ज्यांचं माफ झालं त्यांतले बहुतेक खरोखर अडचणीत होते, हेही मी त्यांच्या खात्यांवरूनच सांगू शकतो. त्यांना कुणी चोर म्हणू नये.

दिंडीत चालायला लागलो तेव्हा माझी समजूत होती की निदान ते अडीच-तीन आठवडे तरी पैशापासून सुटका. पहिल्याच मुक्कामी ती समजूत गेली. वारी हे एक चालतं गाव आहे. आळंदीहून निघून पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. प्रत्येक ठिकाणी तंबू उभारायचे, पाण्याचा टँकर, सामानाचा ट्रक, गॅस, पीठ, डाळ, आचारी, औषधं. हे सगळं कुठून येतं? भिशीतून. दिंडीतला प्रत्येक जण आपला वाटा भरतो. कुणी पूर्ण भरतो, कुणी दोन हप्त्यांत, एखादी म्हातारी पैशांऐवजी तूरडाळ आणून देते आणि 'एवढी लिहा' म्हणते. लिहावी लागते. दिंडीचे नियम अभंगांचे असतात तसे भिशीचेही असतात. रात्री तंबूत कंदिलाखाली मी वही मांडतो तेव्हा पलीकडे जागर चालू असतो. काही वर्षं मला वाटायचं की मी कमनशिबी, सगळे भजनात आणि मी बेरजेत. आता तसं वाटत नाही. मात्र कधी कधी आकडा जुळला नाही की भजन करणाऱ्यांचा राग येतो, हे कबूल करतो.

आपण इथं बसून ज्याला भौतिक जग म्हणतो त्याचा बंदोबस्त वारीनं कसा केलाय, ते बघायचं असेल तर मुक्कामाच्या समाजआरतीला उभे राहा. सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या असतात. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चांदीचा चोप वर करतात आणि क्षणात शांतता पसरते. कान बधिर करणारा तो नाद असा कापल्यासारखा थांबतो की पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर तेवढ्या दिंडीचे टाळ चालूच राहतात. कुणाला आरडाओरडा करावा लागत नाही. टाळ वाजतोय म्हणजे इथं काही बिनसलंय. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात. त्यानंतर पुकारा होतो तो हरवल्या-सापडल्या वस्तूंचा. कुणाची पिशवी, कुणाचं घड्याळ, कुणाचं पैशांचं पाकीट सापडलंय, ओळख पटवून घेऊन जा. आणि मग आरती. देवाची आरती व्हायच्या आधी माणसांचं देणं मिटवायचं, हा क्रम कुणी घालून दिला मला ठाऊक नाही. हैबतबाबा आरफळकरांनी, शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या त्या शिपाईगड्यानं, एकोणिसाव्या शतकात पालखीला फौजेची शिस्त लावली, तेव्हापासूनचा असेल.

आता हे ऐकून वारी म्हणजे रामराज्य असं कुणी घरी घेऊन जाऊ नये. इरावतीबाई कर्वे दिंडीबरोबर चालल्या. 'परिपूर्ती'मधल्या त्यांच्या 'वाटचाल' या लेखात त्यांनी लिहून ठेवलंय, की एकाच दिंडीत ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी होती, आणि त्यांना ते बोचलं. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाखाली दबून मेले, तेही वेठीच्या कामावर. त्यांची समाधी महाद्वारापुढे आहे, पायरीच्या बाहेर. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपास करावा लागला तेव्हा कुठं विठोबाचं दार सगळ्यांना उघडलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं. ज्यांना देवळात उभं राहायला जागा नव्हती त्यांना 'भौतिक सुखाचा मोह सोडा' असं सांगणं ही थट्टा झाली असती. मोह सोडायचा तर आधी हातात काही असावं लागतं. या विषयावर बोलणारे आपण बहुतेक पोट भरलेले लोक आहोत, हे मी स्वतःला बजावत असतो.

आणि म्हणून गाडगेबाबा. या माणसानं १९०५ साली घर सोडलं आणि पुढची पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या घरांचा हिशेब मांडला. ते देवाबद्दल फार कमी बोलले. कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, लग्नात उधळपट्टी करू नका, देवापुढे बोकड कापू नका, ताट नसलं तर हातावर भाकरी खा पण पोराला शाळेत घाला. मामाच्या घरची जमीन सावकारी कागदानं कशी गिळली ते त्यांनी पाहिलेलं होतं. तेव्हा त्यांच्या कीर्तनात सावकाराचा कागद यायचा तो काही दृष्टान्त म्हणून नाही. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, मुंबई इथं धर्मशाळा बांधल्या. स्वतःची बायको कुंताबाई झोपडीत राहिली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. त्यांच्या हातातून केवढा पैसा गेला असेल! हाताला चिकटला नाही. कुंताबाईंचा प्रश्न इथंही आहेच. जिजाईपासून तो सुटलेला नाही.

आता आपल्या काळातलं थोडं, कारण तेवढ्यासाठीच काही जण आलेत हे मला चेहऱ्यांवरून दिसतंय. वारकरी कीर्तनकारानं कीर्तनाचे पैसे घ्यायचे नाहीत, ही तुकोबांची कडक सूचना. जुने कीर्तनकार तर जिथं कीर्तन तिथं जेवतही नसत. १९१७ साली जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. त्यांचे शिष्य सोनोपंत दांडेकर पुण्यात स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य. पगार कॉलेजचा, कीर्तन विठोबाचं. पोटाची सोय वेगळी ठेवली की जिभेवर दडपण राहत नाही, एवढा साधा विचार. आज तारखांचे दर ठरतात, आगाऊ रक्कम भरावी लागते, आणि कीर्तनात लग्नातल्या उधळपट्टीवर घणाघात होतो, तोही सप्ताहाच्या अशा मांडवात जिथं लाखांचा खर्च उधारीवर झालेला असतो. नावं घेत नाही. तुम्हाला ठाऊक आहेत. माझ्या खिशातही आज मंडळाचं एक पाकीट आलंय. एसटीचं भाडं ठेवून बाकीचं मंडळाच्या वाचनालयाला परत देतोय, हे जाहीर सांगतो, कारण एकांतात मोह होतो.

मोह झाल्याची गोष्टही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या देवस्थानात गेलो होतो. गर्दी होती, मुंबईची परतीची गाडी होती. जास्तीचे पैसे भरले की वेगळ्या रांगेतून आत सोडत होते. भरले. त्या वेगळ्या वाटेला मधे जाळी होती आणि जाळीपलीकडे साधी रांग. पहाटेपासून उभी असलेली माणसं. एक म्हातारी बाई भिंतीला टेकून खाली बसली होती. आमची नजरानजर झाली. ती रागावली नाही. तिनं मला हात जोडले. मला कुणी देवाच्या जवळचा माणूस समजली असावी. मी त्या दिवशी गाभाऱ्यात काय पाहिलं ते मला आठवत नाही. ती जाळी आठवते. मॉलमध्ये पैसे टाकून पुढे जाणं मला कधी खटकलं नाही, तो मॉलचा धर्मच आहे. तिथला कायदा मी देवाच्या दारात नेला, आणि तो चालला, याचं मला वाईट वाटलं. पंढरपुरात निदान एवढी सोय आहे, की रांगेत उभं राहायला वेळ नसेल तर नामदेव पायरीला डोकं टेकवायचं, कळस बघायचा आणि परत फिरायचं. वारकरी त्याला दर्शन मानतात. कळस बघायला पैसे पडत नाहीत आणि तो सगळ्यांना सारखाच दिसतो. आबा शेवटची काही वर्षं कळसच बघून यायचे.

आबा गेले तेव्हा उधारीच्या वह्या निघाल्या. मुलांनी काय केलं ते मी सांगणार नाही, ती इथं बसलीयत आणि त्यांना ते आवडणार नाही. एवढं सांगतो, की वाटणी आधी झाली.

आता एक कामाचं बोलतो आणि थांबतो. माउलींचं प्रस्थान पुढच्या आठवड्यावर आलंय. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीत असायचं आहे. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तरी कंदिलाच्या उजेडात आकडे नीट दिसत नाहीत, मागच्या वर्षी वेळापूरला माझ्या बेरजेत चाळीस रुपयांची चूक निघाली आणि ती मला न सापडता एका आचाऱ्याला सापडली. दिंडीला हिशेबनीस हवा आहे. चालण्याची तयारी, जुळेपर्यंत जागण्याची तयारी आणि स्वतःची भिशी स्वतः भरण्याची तयारी हवी. भजन आलंच पाहिजे असं नाही, ते चालता चालता येतं. बाई असली तरी चालेल, किंबहुना बरंच. आभारप्रदर्शन झाल्यावर मी दाराशी थांबतो. वही पिशवीत आहे.